खाऱ्या पट्टीतलं पहिलं फूल

३ नोव्हेंबर १९९६
नेरूळच्या आमच्या सोसायटीमागची पट्टी अखेर माझ्या ताब्यात. खाडीमुळे माती खारट, गवतसुद्धा धड येत नाही. सेक्रेटरी नंदकिशोर म्हणाला, सव्वीस जानेवारीच्या मीटिंगला एक तरी फूल दाखवा, नाहीतर स्कूटर स्टँड करतो. एक? अरे, गालिचा बघशील!

१० नोव्हेंबर
श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून मर्यादवेल आणली. जांभळी फुलं, खारा वारा खाऊन वाढते. सुचित्रा म्हणाली, रानची वेल आहे, लावा आणि विसरा. बायकोला सायन्स कोण शिकवणार?

२४ नोव्हेंबर
शेणखत दिलं, युरिया दिला, दोन वेळा पाणी. निम्मी वेल कुजली. माती बंडल.

८ डिसेंबर
कारण सापडलं! मीठ कमी पडतंय. घरातलं सगळं जाडं मीठ ओतलं. रात्री आमटी अळणी.

२२ डिसेंबर
उरलेली वेलही गेली. फार वाईट वाटलं. शेवटी देवघरासमोर उभा राहून गणपतीला नवस बोललो, पहिलं फूल तुलाच. सुचित्रा म्हणाली, आता तरी पाणी घालू नका.

१२ जानेवारी १९९७
चमत्कार! सुचित्रानं कंपाउंडच्या कोपऱ्यात फेकलेला तुकडा रुजलाय. एक कळी! माझ्या खताचा अंश तिथवर पोचला असणार.

२५ जानेवारी, संध्याकाळ
उद्या उमलणार. धोका एकच, पहिल्या मजल्यावरचे वामनकाका. रोज पहाटे पिशवी घेऊन पूजेसाठी लोकांची फुलं तोडतात. तोंडावर सांगितलं, हात लावाल तर याद राखा. काका म्हणाले, मला काय करायचंय त्या रानटी फुलाचं?

२६ जानेवारी, दुपार
पहाटे गॅलरीत पहाऱ्याला बसलो. जरासा डोळा लागला. उठून बघतो तर फूल गायब! झेंडावंदन झाल्या झाल्या सगळ्यांसमोर वामनकाकांना चोर म्हणालो. त्यांनी पिशवी उलटी करून दाखवली. नुसती जास्वंद. मग मीटिंग. स्कूटर स्टँड मंजूर.
चरफडत घरी आलो. फूल गणपतीच्या डोक्यावर. सुचित्रा म्हणाली, नवस तुमचाच ना? तुम्ही घोरत होतात, म्हणून मीच फेडला.

२ फेब्रुवारी
पट्टीवर सिमेंट पडलं. कोपऱ्यातल्या वेलीवरसुद्धा. वामनकाका दिसले की मी मान खाली घालून सटकतो. सायन्समध्ये काही चुकलं नव्हतं. नवस बोलताना दुसरं फूल म्हणायला हवं होतं.