ट्रे हलवू नये

मंगळवार, १२ फेब्रुवारी

लाडके चिमणे,

कशी आहेस ते विचारत नाही. त्यावर तू "जिवंत आहे" एवढंच म्हणतेस. घरी सगळं ठीक. तुझ्या कुंड्यांना रोज पाणी घालते. जरा जास्तच घालते बहुतेक, एक झाड रुसून बसलंय.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू लगेच "येतेस कधी?" विचारतेस. पत्रात मध्येच बोलता येत नाही.

कामावर माझी वाढीच्या खोलीतून उचलबांगडी झाली. आता पॅकिंगला बसते.

मागे तू चिडवलं होतंस, "तुमच्याकडे जंतू कामाला असतात म्हणे, पगार काय देता?" साखरेचं पाणी देतो गं. सपाट ट्रेमध्ये ते पाणी, वर झाकण, खोलीत ऊब. व्हिनेगर बनवणाऱ्या बॅक्टेरियांचे हे भाऊबंद. पाणी हवेला टेकतं तिथे बारीक धागे विणत बसतात, आणि काही दिवसांत वर जाड, ओला, पांढरा पापुद्रा धरतो. तो धुऊन, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांसाठी इस्पितळांत जातो. तुला लावतात, गार वाटतो म्हणालीस, तोच.

अट एकच, ट्रे हलवायचा नाही. म्हणून आम्ही मऊ बुटांत चालतो, दार आपटत नाही, हाकसुद्धा दबक्या आवाजात मारतो. ट्रे हिंदकळला की अर्धवट पापुद्रा बुडतो आणि ते बिचारे वरून पुन्हा नवा विणायला घेतात. मग दोन पातळ थर, दोन्ही निकामी.

तुझ्या कामावर, लाँड्रीत, ती वाफेची नळी तुझ्या तोंडावर फुटली, तेव्हापासून माझ्या हातांना चैन नाही. सारखी झाकणं उचलून बघायचे, ट्रे हिंदकळायचे. शेवटी मोठ्या बाईंनी धरलंच.

"अहो, बघितल्याने लवकर वाढतं का? इतकी वर्षं इथे आहात तुम्ही!"

"बहिणीसाठी आहे, बाई."

"इथला प्रत्येक ट्रे कुणाच्या तरी बहिणीसाठीच असतो. अख्ख्या फळीवरचे ट्रे वाया घालवलेत."

खाली मान घालून पॅकिंगला गेले. काल तुमच्या इस्पितळाचा खोका मीच बांधला. तो पोचला असेल. मी नाही पोचले.

खरं सांगू? पोचले होते. गेल्या रविवारी, वॉर्डच्या दारापर्यंत. नर्स तुझ्या गालावरचा पापुद्रा अलगद उचलत होती. तुझी पाठ माझ्याकडे होती, पण खिडकीच्या काचेत तू दिसलीस. पायांत कामावरचे बूट होते. येतानाही वाजले नाहीत, जातानाही नाही. तशीच जिना उतरून घरी निघून आले. संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "आरशात बघायची भीती मला वाटायला हवी, ताई. तुला कसली?" आणि मी म्हटलं, सुट्टी मिळत नाही गं.

रविवारी सुट्टीच असते, चिमणे.

या रविवारी येते. तुला आवडत नाहीत त्या, खटखट वाजणाऱ्या चपला घालून येते. दाराशी येऊन मागे वळले, तर तुला ऐकू येईल. हाक मार. चांगली ओरडून मार, तिथे कुठे ट्रे आहेत!

पाय वाजवत येणारी,
तुझी ताई