टॅक्स न लागणाऱ्या माणसाची सायकल

४ नोव्हेंबर
सायकल योजनेची नोटीस माझ्याच हातून लागली. कामावर यायला सायकल घ्यायची, हप्ता टॅक्सच्या आधीच पगारातून कापायचा, तेवढ्या रकमेवर टॅक्स नाही. हिशेब विभागात दिवसभर हेच समजावत बसले. नावं भराभर आली. चालवणार किती जण, कुणास ठाऊक. मोठे साहेब मुलासाठी घेतायत, हे उघडच आहे.
मीही नाव दिलं. भिसेगावला घरी लवकर पोचून करायचं काय? आई गेल्यापासून तर...

६ नोव्हेंबर
बॉयलरवरचे भोईर आले. म्हटलं, तुमच्या पगाराला टॅक्सच लागत नाही, तुमचा यात फायदा नाही.
"टॅक्स नाय वाचवायचा, मॅडम. सायकल पायजे. मोटारसायकलवर आता बसवत नाय."
मग आठवलं. गेल्या वर्षी त्यांचा मयूर खोपोली रोडला मोटारसायकलच्या अपघातात गेला. एकुलता मुलगा.
साहेब म्हणाले, योजना टॅक्सवाल्यांसाठी आहे. मी म्हटलं, हप्ताच कापायचाय ना? नाव घातलं.

२५ नोव्हें.
शाळेनंतर पहिल्यांदाच सायकल. मांड्या भरून आल्यात. पळसदरी फाट्यावर भोईर भेटले. माझी दमछाक बघून म्हणाले, "सावकाश. घाई कुनाला हाय?"

५ डिसेंबर
रोज चालवणारे आम्ही दोघंच. बाकीच्यांच्या सायकली गॅलरीत. भोईर फाट्यावर थांबतात. आज मयूरचं सांगत होते. लहानपणी म्हशीवर बसून शाळेत निघाला होता, मास्तरांनी म्हशीसकट परत पाठवला. मी इतकी हसले की उतरावं लागलं. तेही हसले.
घरी आल्यावर हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला. कुणाला लावणार? ठेवून दिला.

१२ डिसें.
भोईर आले नाहीत. ताप म्हणे. फाट्यावर त्यांच्या जागी एक बाई उभी.
"हिशेबातल्या मॅडम तुमीच का? मी त्यांची बायको."
वाटलं, आता भांडणार.
"घरात बोलत नाय ओ. हाय, नाय, एवढंच. तुमच्याशी बोलतात, हसतात, गावात सगळी सांगतात. काय बोलतात, तेवढं सांगा मला."
म्हशीचं सांगितलं. तिथेच रस्त्याकडेला ती हसली आणि रडली. "अजून सांगा." कामावर उशिरा पोचले.

१५ डिसें.
भोईरना विचारलं, हे सगळं घरी का नाही सांगत?
"मयूर तिच्याच तोंडवळ्याचा. समोर बसली का बघवत नाय. हितं बरं, दोघांची नजर रस्त्यावर."


१७ डिसें.
दोन दिवस एकच घोळतंय. मार्ग दिसतोय, पण मला तो नको आहे. सकाळची ही अर्ध्या तासाची वाट, एवढंच माझ्याकडे आहे. लिहायलाही लाज वाटते.

२१ डिसें., रविवार
त्यांच्या गावी गेले. भोईर शेतावर होते. तिला विचारलं, सायकल येते का?
"माहेरी असताना चालवायची."
माझी सायकल तिच्या हातात दिली. "फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर येत जा. बाजूनं चालवायची. तोंडाकडे बघायचं नाही."
ती कितीतरी वेळ सीटवरून नुसता हात फिरवत राहिली. मी चालत निघाले, रोडला आल्यावर रिक्षा मिळाली.

२३ डिसें.
साहेबांनी विचारलं, सायकल कुठाय? म्हटलं, घरी. तुमच्यासारखीच. माझी सवलत मीच रद्द करून घेतली. सायकलनं कामावर येत नसेन तर टॅक्स लागणारच.

२ जानेवारी
शेअर रिक्षानं जाते. फाटा येतो तेव्हा मान मुद्दाम दुसरीकडे वळवते. भोईर दिसले गेटवर. सायकल लावत होते. माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं. तेवढ्यात भोंगा झाला.
ती येते का फाट्यापर्यंत, विचारायचं राहिलं.