पेलिकनांचा पिवळा रंग

लाझारोसदादा,

काल दुपारी जेवताना आई गप्प, तूही गप्प; मधल्या बशीतला तळलेला मासा निवत पडला. बाबा गेल्यावर त्यांची पिवळी होडी तू पांढरी रंगवलीस, त्यावर आईने चकार शब्द काढला नाही. पेलिकन पक्षी मात्र तेव्हापासून होडीकडे फिरकलेले नाहीत, आणि आज त्यांचे फोटो काढणारे पाहुणे येणार.

म्हणून काल संध्याकाळी बाबांचा पिवळा रेनकोट घालून मी एकटीच होडी घेऊन केर्किनी सरोवरात गेले. जुनी जागा सोडून बुडालेल्या झाडांपाशी गेले. तिथे ऊन पाठीशी येतं आणि पाणी आरशासारखं निश्चल असतं. बाबांसारखी बादली वाजवली. आधी काहीच नाही. मग दूरच्या शुभ्र ओळीतली एक मान वळली, आणि पाठोपाठ अख्खा थवा शेंदरी चोची पसरून पाणी तुडवत आला! मी इतकी हसले, की मासे टाकायचेच राहिले. त्यांना फक्त तो रंग हवा होता, दादा. पांढरी होडी त्यांना चालते.

पाहुण्यांना तिथेच नेऊ. पाव आणि चीज झाकून ठेवलंय. खाऊन धक्क्यावर ये.

हे लिहिताना आई मागे येऊन उभी राहिली आणि तिने सगळं वाचलं.

"दादाला उठवू?" मी विचारलं.

"झोपू दे रंगाऱ्याला. कोट दे इकडे, तुला तो ढगळ होतो."

"म्हणजे राग गेला तुझा?"

तिने कोट अंगात चढवला, माशांची बादली उचलली आणि होडीकडे चालू लागली.