चावडीपुढचे जोडे

चैत्र व. ३, सोम.
जोडे आले. नेकनूरच्या बाजारात धोंडिबानं आमा दोघा बहीण-भावांची मापं घेतलती. अण्णाचे बूट आन् माझे जोडे, दोन्ही एकाच कातड्याचे. अण्णाच म्हणाला, बाईलाबी कर.

कारण हुकूम. दवाखान्यात सरकारी कागद आलाय, उर्दूत. मला मोडी येते, बाळबोध येते, उर्दूचं अक्षर न्हाई. अण्णा कंपौंडर, मी दाई; तो वाचतो, मी ऐकते. हर मुलाजिमानं, म्हंजे सरकारी नोकरानं, बाकायदा लिबासात यावं, डोकं झाकलेलं, पायात जोडा. अनवाणी आला तर गैरहजर. डॉ.सा.ना विचारलं, मीबी का? म्हणाले, हजेरीबुकात नाव हाय ना? मग तूबी.

वहिनी म्हणती, आता वन्संला शेरवानी तेवढी शिवा. हसून हसून पोट दुखलं. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आले, तवापास्नं एवढी हसले नव्हते.

चैत्र व. ६, गुरु.
वाडीला गेलते. दीड कोस. राधा पहिलटकरीण, पाय सुजलेत, डोळ्यापुढं अंधारी येती म्हणती. दर चौथ्या दिवशी बघायला पाहिजे. सासूला बजावलं, कळा सुरू झाल्या की आधी मला बोलवायचं.

वाटेत चावडी. बायांनी तिथं पायातलं काढून हातात घ्यायचं, पदर पुढं ओढायचा. आईबी तसंच करायची. माझ्या एका हातात बाळंतपणाची पेटी, दुसऱ्यात पदर. जोडे काय दातात धरू? तशीच गेले. अण्णा पुढं बूट वाजवत चालला होता. एक म्हातारा खाकरला.

पाय पहिल्यांदा भाजले न्हाईत. लई बरं वाटलं.

चैत्र व. १०, सोम.
पाटील दवाखान्यात. डॉ.सा.च्या मेजापर्यंत जोड्यासकट आला, तिथं कुणाचं काही गेलं न्हाई. म्हणतो, "बाईमाणूस चावडीवरनं टाचा वाजवत जाती, ही कुठली रीत?"
डॉ.सा. म्हणाले, हुकूम हाय.
"हुकूम गड्यांना हाय. मुलाजिम म्हंजे गडी. बाईला कोन मुलाजिम म्हनतं?"
डॉ.सा. मेजावरचे कागद चाळायला लागले. अण्णा खाली मान घालून बाटल्या पुसत होता. घरी आल्यावर म्हणाला, "मी हाय ना. तू कावून घाबरतीस?"
घाबरले नव्हतेच. पण त्यानं म्हणल्यावर धीर आला.

चैत्र व. १२, बुध.
अण्णानं कागद आणला. उर्दूत, दोन्ही बाजूंनी भरलेला. डॉ.सा. वरच्या कचेरीला लिहितायत म्हणे, की दाईला लांब चालावं लागतं, जोड्याची मंजुरी असावी. खाली माझं नाव पाहिजे. मी मोडीत सही केली, ठळक. अण्णा म्हणाला, झकास.

चैत्र अमावास्या, शनि.
लिहू का नको.
चावडीवर बोलावलं होतं. मला वाटलं मंजुरी वाचणार. धुतलेलं लुगडं नेसून गेले, जोडे घालून. पटवाऱ्यानं कागद हातात घेतला आन् मराठीत सांगायला लागला. मी, दाई, भावानं मना केलं असतानाबी मगरुरीनं चावडीपुढनं जोडे घालून गेले. माफी मागते. इथून पुढं गावात अनवाणी फिरीन. खाली सही. माझी.
*भावानं मना केलं असतानाबी.*
अण्णा माझ्याशेजारीच उभा. पायात बूट. पाटील म्हणाला, काढा बाई आता. काढले. सगळी मंडळी बघत होती, काही आमच्या भावकीतली. अण्णा तेवढा बघत नव्हता.
घरी येऊन वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिला ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडाकडं बघून कळलं.

वैशाख शु. १, रवि.
अण्णाला विचारलं, कावून केलंस?
"तुझ्यासाठीच केलं. नोकरी वाचली तुझी."
आन् तुझी?
मग बोलला. पाटलाचं वर वजन हाय. बदली केली असती तर दोन उपवर पोरी घेऊन कुठल्या मुलखात जाऊ?
म्हणलं, हे आधी सांगायचं. तुझ्या पोरींसाठी मी सही केली असती.
"नसती केलीस."
एवढं मात्र खरं बोलला. नसतीच केली. पण मला विचारायचं तरी. पाटलानं लाज काढली त्याचं दुःख न्हाई, पाटील माझा कोण लागतो? अक्षर येत न्हाई म्हणून ज्याच्या डोळ्यांनी वाचत आले, त्यानंच...

वैशाख शु. ३, मंगळ.
वाडीला अनवाणी गेले, जोडे घरीच ठेवून. चावडीपुढनंच. फुफाटा असा तापलेला की लिंबाखाली तीनदा थांबले. उशीर झाला. राधाचं तोंडबी सुजलंय आता. मीठ बंद सांगितलं. सासूनं माझ्या पायांवर घागरीचं पाणी घातलं.

तशीच दवाखान्यात आले. डॉ.सा.नी पायाकडं बघितलं. अनवाणी. गैरहजर.
म्हणलं, साहेब, चावडीवर तर...
"ते गावचं. हे सरकारचं."
म्हंजे वेशीबाहेर घालायचे, गावात काढायचे, दवाखान्याच्या पायरीवर परत घालायचे. अण्णा एकाच बुटात सगळीकडं फिरतो, शेतात, चावडीत, दवाखान्यात. कुणाला काही खुपत न्हाई.
हजेरीबुक अण्णाकडं असतं. माझ्या नावापुढं रेघ त्यानंच मारली. पट्टी लावून, सरळ.

वैशाख शु. ४, बुध.
अण्णाशी बोलले न्हाई. शेजारच्या आमीनाबींना उर्दू वाचता येतं. मला शिकवा म्हणलं. हसल्या, म्हणाल्या, या वयात? मग पाटीवर पहिलं अक्षर, अलिफ, काढून दिला. एक उभी रेघ. त्याच्या पुढचं अक्षर बे, ते मला अजून नीट जमत न्हाई.

वैशाख शु. ६, शुक्र.
राधाला पहाटंपास्नं कळा. तिचा दीर गाडी घेऊन आलाय. बैलांना पाणी दाखवायला आडावर गेलाय, तेवढ्यात दवाखान्यातच शिसपेन्सिलीनं लिहिते.

डॉ.सा. बीडला गेलेत. पेटी कपाटात, किल्ली अण्णाजवळ. अण्णानं पेटी काढली आन् वर एक कागद ठेवला. उर्दूत. म्हणाला, "एवढी सही कर आन् जा. डॉ.सा. सांगून गेलेत, सहीशिवाय पेटी द्यायची न्हाई."
आमीनाबी माहेरी गेल्यात. घरी कुलूप. कागदात अलिफ लई ठिकाणी दिसतो, बाकी काही कळत न्हाई.
"काय लिहिलंय?"
"तुझी गैरहजेरी माफ व्हावी म्हणून अर्ज हाय."
"दुसरं काही?"
"न्हाई. माझ्यावर भरोसा न्हाई का तुझा?"

गाडीचा आवाज आला. राधाचा दीर दारातनं हाक मारतोय, "बाई, चला की." अण्णानं टाक शाईत बुडवून माझ्या हातात दिलाय. खरं सांगत असंल. माझा भाऊ हाय, खरंबी सांगत असंल.