वर्की प्यायला नव्हता

१६ जानेवारी
शेजारचा वर्की वेळू मागायला आला. मिरी तोडायला झाडाला शिडीसारखा लावून चढायचा आमचा लांब वेळू. मला 'अच्चाया' म्हणजे दादा म्हणतो, तरी घेऊन जाता जाता टोमणा मारलाच — "अविराच्चाया, येत्या उपासकाळात तुम्हीही चर्चच्या ध्यानशिबिराला चला. माझी दारू गेली, तुमच्या तोंडाचं तिखट जाईल!" त्रेस्या — माझी बायको! — खो खो हसली.
वेळूच्या वरच्या गाठीला तडा आहे. मला माहीत होतं. बोललो नाही. आपटू दे एकदा. दोन दिवस कंबर धरून बसला की उपदेश जिरेल.

१८ जानेवारी
वर्की गेला.
सकाळी आमच्या ओट्यावर काळी कॉफी पिऊन, चेष्टा करत चढायला गेला होता. वरून थेट खडकावर. हॉस्पिटलपर्यंतही टिकला नाही.

१९ जानेवारी
पुरून आलो. वाटेत कोणीतरी म्हणालं, "इतका सराईत गडी, पडला कसा?" आणि माझ्या तोंडून निघालं — "पुन्हा सुरू केली असेल." मीच म्हणालो! मला कुणी विचारलंही नव्हतं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर तेच. एकाला तर म्हणे वासही आला होता.
मोडलेला वेळू मी गुपचूप उचलून आणला, फोडला, चुलीत घातला. त्याच्यावर शिजलेला भात जेवलो.

४ फेब्रुवारी
चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभा राहिलो नाही. पाप मनात ठेवून तो घेता येत नाही. त्रेस्याला सांगितलं, पोट बिघडलंय.

२७ फेब्रुवारी
वर्कीचा एकेचाळिसावा दिवस. सगळे कबरीवर प्रार्थनेला निघाले. मरियकुट्टी, त्याची बायको, जागची हलेना. बायका समजवायला गेल्या तर ओरडली, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती दारू! खोटारडा! मरतानाही तोंडाला लावूनच गेला. मी नाही मेणबत्ती लावणार!"
मी त्यांच्याच अंगणात खुर्च्या मांडत होतो. मान वर होईना. एक शब्द बोललो असतो तर! खुर्च्या मांडत राहिलो.

१६ मार्च
पापकबुली दिली. सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "देवाने तुला क्षमा केली, अविरा. पण वर्कीच्या नावाला तू फासलेलं काळं देव येऊन पुसणार नाही. ते तुझं तू पूस."
सांगितलेल्या प्रार्थना गुडघे टेकून म्हटल्या. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. देवापुढे तोंड उघडतं, मरियकुट्टीपुढे उघडत नाही — लाज वाटते स्वतःची.

२४ मार्च
आज सांगणार होतो. ती विहिरीवर दिसली आणि मी गोठ्यात शिरलो.

२७ मार्च
उद्या पेसहा, येशूच्या शेवटच्या भोजनाची रात्र. ज्या घरात वर्षभरात मरण झालं तिथे त्या रात्रीचा तांदळाचा अप्पम करत नाहीत, शेजाऱ्याने पोचवायचा. शेजारी आम्ही! त्रेस्या तांदूळ भिजवताना म्हणाली, "तुम्हीच जा हो. वर्की तुम्हाला किती मानायचा."
जाणार. ताट खाली ठेवून मरियकुट्टीला सांगणार. थुंकू दे तोंडावर, पोलीस बोलावू दे. पण शेवटी एकदा 'माफ केलं' म्हणू दे. एवढं मिळालं तरी पुरे.

२८ मार्च
सांगितलं. वेळू, तडा, परतीच्या वाटेवरचं ते वाक्य — सगळं.
तिने एकच विचारलं, "म्हणजे ते प्यायले नव्हते?"
"थेंबही नाही."
उठली, तशीच अनवाणी बाहेर पडली. मी मागोमाग. थेट कबरस्तान. वर्कीच्या मातीवर कपाळ टेकलं — "मला माफ करा हो. मी शिव्या घातल्या तुम्हाला. माफ करा मला."
मी फाटकाशीच उभा राहिलो. माफी ती मागत होती. ती!