लीयाताईची हातबोशी

प्रिय पप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला कधी लिहिलं नाही. आज परळच्या हॉस्पिटलात बाकावर बसून लिहितेय, कारण आत तुमची थोरली लीयाताई आजारानं कळवळतेय आणि दुखणं थांबवायची गोळी घेत नाहीये. "देवाची आज्ञा मोडली ना मी? मग शिक्षा पुरी भोगू दे," म्हणते. हे तिच्या डोक्यात कोणी घातलं, पप्पा?

तुम्हीच! शनिवारी दुपारी आम्हा दोघींना आपल्या तोराच्या पोथीतल्या गोष्टी सांगायचात. देवानं नको म्हटलं असताना लोटाच्या बायकोनं मागे वळून पाहिलं, मिठाचा खांब झाली. पाण्यासाठी देवानं खडकाशी बोल म्हटलं होतं, मोशेनं काठी मारली, म्हातारपणी देवानं कबूल केलेल्या देशाच्या वेशीवरच राहिला. मी ऐकता ऐकता झोपून जायचे. ताई मात्र भांडायची, "एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा?" तुम्ही हसायचात, "देवाशी वाद घालतेस होय गं?"

मग तिनं लालबागच्या प्रकाशशी लग्न केलं. तो आपल्यासारखा बेने इस्राएल, यहुदी नाही म्हणून तुम्ही सदरा फाडलात, मेलेल्यासाठी बसतात तसे सात दिवस जमिनीवर बसलात. जिवंत मुलीसाठी! वर मला बजावलंत, "तिला हातबोशी द्यायची नाही." प्रार्थनेनंतर थोरल्यांचा हात हातात घ्यायचा, बोटं ओठांना लावायची आणि तोच हात आशीर्वादासारखा पुढच्याला द्यायचा, एवढं साधं ते. मी तिच्याकडे चोरून जात राहिले, पण हातबोशी दिली नाही. तुम्ही तर तिच्या घरी गेलाच नाहीत. दादरहून लालबाग किती लांब होतं हो?

पापांची क्षमा मागायच्या कीपूरच्या उपासाला योनाची गोष्ट दरवर्षी तुम्हीच वाचायचात ना? तोही देवाचं न ऐकता पळाला होता. माशानं गिळलं खरं, पण देवानं त्याला बाहेर काढलं आणि दुसऱ्यांदा हाक मारली. ते वाचताना ताई आठवली नाही? एकदाही?

मघाशी प्रकाशभावोजी बाहेर येऊन रडले. "एस्तेर, तिका सांग गे, देव असो शिक्षा देणारो नसता." काय सांगू? ती माझं कुठं ऐकणार? ती अशीच शिक्षा समजून गेली तर? मला फार भीती वाटतेय, पप्पा.

तुम्ही गेलात त्या सकाळी मला हातबोशी दिलीत. त्यानंतर मी ती कोणालाच दिलेली नाही.

आता उठतेय. तिचा हात हातात घेणार, तुमच्याकडून आलेलं तिला देणार, मग गोळी देणार. पहिल्यांदाच तुमची आज्ञा उघड मोडतेय. त्याची शिक्षा असेल तर मला होऊ दे. तिची भोगून झाली.

तुमची धाकटी,
एस्तेर