नाव पुकारल्यावर

आई, आज मी शाळेतून दुसऱ्याची मुलगी घरी घेऊन आले. नववीतली, माझ्याच वर्गातली. संध्याकाळी तिची आई येऊन तिला घेऊन गेली. हे अजून ड्यूटीवरून आलेले नाहीत, कुकर उतरवून ठेवलाय, आणि मी तुला लिहायला बसले आहे. तू होतीस तेव्हा दोन ओळी लिहायच्या म्हटलं तरी माझ्या जिवावर यायचं, आता बघ. पण हे सांगायला मला दुसरं माणूसच सुचेना. इथल्या कुणाला सांगितलं तर उद्या दुपारपर्यंत सगळ्या खोबर शहरात पसरेल.

तू शिकवायचीस त्याच शाळेत मी शिकवते, मुलींच्या त्याच विभागात. पोरी इतक्या वाढल्यात की प्रार्थनेला मैदान पुरत नाही, पण सुटण्याची रीत तीच आहे. बस गेल्या की ज्यांना न्यायला गाडी येते त्या मुली शेडखाली बसतात. बाहेर हारिस, म्हणजे गेटवरचा वॉचमन, गाडी ओळखून माइकवर नाव पुकारतो. मराठी आडनावांची तो बिचारा केरळी माणूस पार वाट लावतो, पण मुलींना आपलं नाव बरोबर कळतं. नाव आलं की उठायचं, अंगावरचा काळा अबाया सारखा करायचा, दप्तर घ्यायचं, छोट्या दारातून बाहेर. गाडी कुणाची, आत कोण, हे आतून दिसत नाही. आपलाच कुणी तरी असणार, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

मी नववीत होते तेव्हा इथल्या मराठी मंडळातले एक काका आपल्या मोठ्या गाडीतून सगळ्या मराठी मुलींना घरी सोडायचे. एके दिवशी त्यांनी गेटवरून निरोप धाडला, वहिनी, तुमचीही द्या, कशाला उन्हात बसता. तू स्टाफरूममधून बाहेर आलीस आणि चारचौघींसमोर म्हणालीस, "माझी मुलगी माझ्याबरोबर येईल." एवढंच. कारण नाही, गोड बोलणं नाही. तेव्हा सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, म्हणजे बाबा प्लांटवरून सुटून येईपर्यंत दोघींनी त्या रिकाम्या शाळेत बसायचं. एसी बंद झालेले, तू वह्या तपासते आहेस, मी तोंड फुगवून बाकावर. "सगळ्या जातात त्यांच्या गाडीतून," मी म्हणते. तू मान वर न करता म्हणतेस, "सगळ्यांनी विहिरीत उडी मारली तर तूही मारशील? गप बस." त्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला आपल्याला कुणी बोलावलं नाही. देवमाणसावर संशय घेतला ना आपण! तुला काही ठाऊक होतं की नुसता अंदाज होता, ते तू कधी बोलली नाहीस.

आता काका दुसरे आहेत, पण देवमाणूसपण तेच. ह्यांच्याच कंपनीत वरच्या जागेवर आहेत. मंडळातल्या निम्म्या पुरुषांना त्यांनीच नोकरीला चिकटवलंय, ह्यांनासुद्धा. कामासाठी बुरैदा शहरात गेले की तिथून घरोघरी खजुराची पेटी. सध्या वार्षिक कार्यक्रमाची तयारी चालू आहे, समूहनृत्य, नाटुकलं, बँड, सगळा गोंधळ. प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर, तोवर बस गेलेल्या. मग काका म्हणाले, आपल्या मुलींना मी सोडतो. मंडळाच्या ग्रुपवर लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही जोडले.

ही मुलगी समूहनृत्यात पुढच्या ओळीत आहे. हुशार, जरा बडबडी. गेले काही दिवस तिचं नाव पुकारलं की ती उठत नाही. बाकीच्या पोरी ढोसतात, "अगं, तुझं आलं." ही ओढण्यांच्या घड्या घालत बसते. एकदा म्हणाली, "मिस, मी बोर्ड पुसू?" पुसलेलाच होता. एकदा पाण्याची बाटली विसरले म्हणून वर गेली, आणि बाटली तर दप्तराच्या कप्प्यात दिसत होती. मला वाटलं, वयच तसं आहे, रमते मैत्रिणींत. आज हारिसने तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, मग गाडीचा हॉर्न वाजला. हळूच, सभ्यपणे. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि शाळेत कधी म्हणत नाही ते म्हणाली, "काकू, मला तुमच्याकडे न्या ना."

मी हारिसला सांगितलं, ही आज जाणार नाही, बाकीच्यांना घेऊन गाडी जाऊ दे. तिथूनच तिच्या आईला फोन केला, मागच्या गेटने माझी गाडी काढली. रस्त्यात मी काही विचारलं नाही. समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याच्या सिग्नलला ती आपणहून बोलली, काचेतून बाहेर बघत. "ते आधी सगळ्यांना सोडतात. मला शेवटी. खरं तर माझं घर पहिलं लागतं." सिग्नल सुटला तरी माझा पाय ब्रेकवरून हलेना. मागचे लोक हॉर्न मारत होते.

घरी तिला वरणभात वाढला. ती जेवत होती तेवढ्यात बेल वाजली आणि दारात काका. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर तेच हसू. "वहिनी, पोरगी इकडे आली होय? गाडीतल्या मुली म्हणाल्या. मला काळजी लागली. चला, सोडतो तिला, माझ्या रस्त्यातच आहे." स्वयंपाकघरात ताटावरचा चमचा थांबलेला मला ऐकू आला.

"तिची आई येते आहे," मी म्हटलं. "तिच्याच हाती देईन."

"अहो, आपण काय परके आहोत?"

"आईच्याच हाती देईन."

त्यावर काका तितक्याच मायेने म्हणाले, "मिस्टरांचा इकामा यंदाच रिन्यू व्हायचाय ना हो? बघू या आपण." आणि लिफ्टकडे गेले. इकामा म्हणजे राहायचा परवाना, तो नाही तर इथे राहणं नाही, तुला ठाऊकच आहे. मी दाराला कडी घातली, वरची, खालची, साखळीसुद्धा.

तिची आई टॅक्सीने आली, कडेवर धाकटं बाळ. नवरा आठवडाभर साइटवर असतो. आल्या आल्या माझ्यावरच चिडली. म्हणाली, काकांना वाईट वाटलं असेल, आमची नोकरी त्यांच्यामुळे आहे. मी तिला आत बसवलं आणि जे पाहिलं, जे ऐकलं, ते सरळ सांगितलं. घर पहिलं लागतं आणि सोडतात शेवटी, हे ऐकल्यावर तिने बाळाला मांडीवरून खाली ठेवलं. बाळ तिची ओढणी ओढत होतं. म्हणाली, "ती बोलली होती मला, काकांची गाडी नको म्हणून. मी म्हटलं, एवढ्या उन्हाचं आणून सोडतात, उपकार विसरू नयेत." मग ती पोरीजवळ गेली, तिचं उष्टं ताट स्वतः उचललं, आणि तिथेच खाली बसून रडली. मी दोघींना घरी सोडून आले. त्यांच्या जिन्यात तिची आई म्हणाली, "ताई, तुम्ही मागे हटणार नाही ना?" उद्या आम्ही दोघी प्रिन्सिपल मॅडमकडे जाणार आहोत. मुलीला काय सांगायचं ते ती सांगेल, तिच्या वेळेने, तिच्या आईला.

पुढे काय होईल ते मला दिसतंय. आरती तर गेलीच, ती जाऊ दे खड्ड्यात. पण ह्यांची नोकरी गेली तर खलास, हे घर, ही शाळा, सगळं आवरून जावं लागेल. हे आले की त्यांना सांगायचंय. समजून घेतील असं वाटतं, खात्री नाही. मला भीती वाटते आई, आणि रागही येतो, तुझाही येतो. गप बस म्हणालीस, त्याऐवजी का ते सांगितलं असतंस तर ती हात जोडायची रांग लागली त्या दिवशीच मी तोंड उघडलं असतं.

हे आले की हा कागद फाडून टाकीन. फक्त एक गोष्ट मघाशी लिहायची टाळली. दार उघडल्यावर, सगळं कळलेलं असताना, त्या माणसाला बघून माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "या ना, चहा घेणार?" तो नको म्हणाला. हो म्हणाला असता, तर मी ठेवला असता.